धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा होता

गोव्यात ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की बोलणे ठरलेल्या वाटेने जाते. १५१० साली आल्बुकेर्क आला. पुढे तिसवाडी, बारदेस, सासष्टीतली देवळे मोडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. कोण बाटले, कोण नदीपलीकडे पळाले, हे आपल्याकडे अजून घरोघर सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे.

पण या सगळ्यामुळे धर्मांतर म्हणजे दुसऱ्याने बाहेरून घडवून आणलेली गोष्ट, एवढाच अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. एखादे माणूस आतून काही शोधत शोधत ख्रिस्तापर्यंत जाऊ शकते, आणि त्या शोधात पाप, पुण्य, कर्म, कृपा, मुक्ती हे आपलेच जुने शब्द असू शकतात, हे ऐकून घ्यायला आपण सहसा तयार नसतो. म्हणून आज पंडिता रमाबाईंविषयी लिहितो आहे. त्यांचे स्त्रीशिक्षणाचे काम सर्वांना ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते त्यांच्या एका कबुलीविषयी. १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईंनी १९०७ साली इंग्रजीत आपली श्रद्धेची साक्ष लिहिली. तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाल्यावर त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही.

ज्या धर्मांतरावरून पुण्यात एवढा गदारोळ झाला, ते करणारी बाई स्वतःच म्हणते की त्या दिवशी आपला शोध संपला नव्हता. मग तो शोध होता तरी कशाचा?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना हे बिऱ्हाड हलले, ते पुन्हा कुठे स्थिर झाले नाही. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून रानातून खाली आणले होते. त्यानंतर एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचे, देवळात पुराण वाचायचे, भाविक जे देतील त्यावर गुजराण करायची, असे आयुष्य. या भटकंतीत आईने मुलीला शिकवले. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले.

या प्रवासाला एक हिशेब होता. तीर्थात स्नान केले की पुण्य, ब्राह्मणाला दान दिले की पुण्य, उपास केला, प्रदक्षिणा घातल्या की पुण्य. गाठीला पैसा होता तोवर शास्त्रीबुवा दान करीत राहिले. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पैसा संपला, भांडी गेली. कुटुंबाने अनुष्ठाने वाढवली, उपास वाढवले, पण काही फळ दिसेना. अंगमेहनतीची मजुरी करणे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते आणि भीक मागणे जमत नव्हते. तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस हे कुटुंब पाणी, पाला आणि मूठभर रानखजुरांवर राहिले, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. शेवटी वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन. पण तोवर उशीर झाला होता. १८७४ च्या सुमारास थोड्या थोड्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली.

या आठवणीवरून अख्ख्या हिंदू धर्माचा निवाडा करू नये हे उघड आहे. देव तीर्थाच्या पाण्यात नाही, भाव नसेल तर यात्रा फुकट, हे आपल्या संतांनी रमाबाईंच्या कितीतरी आधी बजावले होते. पण डोंगरे कुटुंबाच्या वाट्याला आलेला धर्म जमाखर्चाचा होता. आपण एवढे भरले तर देवाने तेवढे दिले पाहिजे. आणि ज्या दिवशी सर्वात जास्त भरले, त्या दिवशी हाती काहीच लागले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हे उघड्या डोळ्यांनी पाहिले होते.

बहीणभाऊ दोघे पायी हिंदुस्थानभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीचे संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पडद्यातल्या बायकांना धर्म सांगावा म्हणून तिने धर्मशास्त्रे बारकाईने वाचायला घेतली, आणि इथे दुसरा धक्का बसला. तिच्या म्हणण्याप्रमाणे हे ग्रंथ इतर सगळ्या बाबतींत एकमेकांशी भांडत होते, पण बायकांची जात वाईट आणि स्त्रीला व शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, याविषयी मात्र त्यांचे एकमत होते. म्हणजे वडिलांनी जन्मभर ज्या वहीत पुण्य लिहिले, त्या वहीत मुलीच्या नावाचे पानच नव्हते.

१८८० मध्ये भाऊ ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते जातीने शूद्र, विचाराने ब्राह्मो. सिलचरच्या घरी त्यांच्या पुस्तकांत बाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. पतीला मात्र बायकोने उघडपणे ख्रिस्ती होणे पसंत नव्हते. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. मागे राहिली मनोरमा, वय वर्ष पुरते नाही.

मग पुणे, आर्य महिला समाज, ‘स्त्री धर्म नीति’ हे पुस्तक, हंटर कमिशनपुढली साक्ष. पुण्यातच त्यांची नेहेमिया गोरे यांच्याशी गाठ पडली. हे मूळचे काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, स्वतः चित्पावन, वाद करून मिशनऱ्यांना हरवायला निघाले आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. बाईंच्या बुद्धीला पटेल अशा भाषेत त्यांनी त्यांच्याशी चर्चा केली.

१८८३ मध्ये वैद्यकी शिकायला बाई इंग्लंडला गेल्या. ऐकायला कमी येत असल्याने ते शिक्षण झाले नाही. वाँटेज येथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. तिथल्या बहिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथले आपले घर दाखवले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि त्यांना मायेने वागवले जात होते. असे तुम्ही का करता, असे बाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची ती गोष्ट. पाच नवरे झालेली, सहाव्याबरोबर राहणारी ही परजातीची बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो. देवाची उपासना कुठल्या डोंगरावर करायची, इथल्या की यरुशलेमच्या, असा प्रश्न निघतो तेव्हा तो सांगतो की खऱ्या उपासनेला ना हा डोंगर लागेल ना ते शहर. रमाबाईंच्या मनाला यातले काय भिडले असेल? टाकलेल्या बाईला जवळ करणे तर भिडलेच, त्यांनी ते लिहून ठेवले आहे. पण बालपण सगळे डोंगर आणि तळी पालथी घालण्यात गेलेल्या मुलीला ते दुसरे वाक्यही कानात घुमले असणार, असे मला वाटते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोव्याच्या वाचकाने थोडे थांबावे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक मोठा हुकूमनामा काढला होता. ख्रिस्त्यांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, अंगणात तुळस लावू नये, लग्नातल्या जुन्या चालीरीती पाळू नयेत, अशी ती लांबलचक यादी. ख्रिस्ती कोण, हे त्यांनी कपड्यावरून आणि ताटावरून ठरवले. रमाबाईंनी नेमका याच्या उलट हट्ट धरला. बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या. ज्यात अंडे आहे असा पदार्थही चालत नाही म्हणून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन वैतागल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तर बाईंनी विचारले, माझ्या देशातल्या माणसांना न कळणारे लॅटिन कशाला? आमच्या संस्कृतात काय कमी आहे? ज्या गोव्यात १९६० च्या दशकापर्यंत मिस्स लॅटिनमध्ये होत होता, तिथल्या माणसाला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चची अधिकारपरंपरा, यांवरही त्या वाद घालीत राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटले ते दुसऱ्याच्या हाती पडायला नव्हे, असा त्यांचा बाणा होता.

मात्र त्यांच्याच सांगण्याप्रमाणे या आठ वर्षांत मनाला स्वस्थता नव्हती. धर्म बुद्धीला पटला होता, संस्कार झाले होते, प्रार्थना चालू होती. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, निधी जमवला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. काम जोरात होते. पण जुना जमाखर्च नव्या नावाने चालूच होता. पूर्वी तीर्थस्नान, आता बाप्तिस्मा. पूर्वी ब्राह्मणभोजन, आता विधवांची सेवा. एवढे केले तरी पापाचे ओझे उतरले आहे असे वाटेना.

या मनःस्थितीत विल्यम हॅस्लम यांचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. कॉर्नवॉल भागातल्या बाल्डू गावचे हे अँग्लिकन पाद्री. वर्षानुवर्षे देवळे बांधली, प्रवचने दिली. १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःच्याच देवळात, स्वतःचेच प्रवचन देता देता त्यांना उमगले की आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्याला आपण ओळखतच नाही. समोरच्या लोकांतून कोणीतरी ओरडले, पाद्र्याचेच परिवर्तन झाले! हे वाचून रमाबाईंना आपली गाठ कुठे आहे ते कळले. मुक्तीची किंमत आपण चुकती करायची नसून ती देऊ केलेली आहे, हात पुढे करायचा आहे. १८९१ च्या सुमाराचा हा बदल. धर्मांतराची तारीख म्हणून तो कुठल्याही नोंदवहीत नाही. मी सरकारी कारकून आहे. अर्जावर धर्माचा रकाना असतो आणि त्यात एक शब्द मावतो. बाईंच्या रकान्यातला शब्द १८८३ लाच बदलला होता. १८९१ साली जे बदलले त्याला रकाना नाही.

हा प्रश्न ख्रिस्ती जगात नवा नव्हता. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण कृपेने होते, कर्मांनी नव्हे, असे सांगितले आहे, तर याकोबाचे पत्र म्हणते की कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने वाद पेटवला तो पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या चिठ्ठ्यांच्या विक्रीवरून. प्रॉटेस्टंट म्हणजे श्रद्धा आणि कॅथलिक म्हणजे कर्मकांड, अशी सोपी विभागणी आपल्याकडे ऐकायला मिळते, पण ती बरोबर नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट म्हटले की देवाच्या कृपेवाचून नुसत्या स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही. माणसाचा होकार आणि सत्कर्म यांना तिने जागा ठेवली, एवढाच फरक. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि मूळ मुद्द्यावर आपले एकमत असल्याचे जाहीर केले. आणि सवयीचे म्हणाल, तर बोडगेश्वराला बोललेला नवस काय आणि म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला केलेली आंगवण काय, देवाशी सौदा करायचा मोह आपण दोन्हीकडचे लोक सारखाच बाळगून आहोत.

यानंतरचा इतिहास कडू आहे. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळायची असे ठरलेले होते. बाई मुलींना शिकवीत नसत, पण स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार बंदही करीत नसत. मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने तोफ डागली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पालकांची भीती मला समजते. विश्वासाने मुलगी ठेवायची आणि ती परक्या धर्माकडे ओढली जायची, हे कोणाला रुचेल? त्या काळात सत्ताही ख्रिस्त्यांची होती. पण उघड्या दाराचा अर्थ बाईंच्या बाजूनेही समजून घ्यायला हवा. जे आपल्याला फुकट मिळाले ते लपवून ठेवणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. हा पेच तेव्हा सुटला नाही, आणि अशा संस्थांच्या बाबतीत आजही सुटलेला नाही.

कर्माने मुक्ती नाही असे ठरल्यावर माणूस स्वस्थ बसेल, असे कोणाला वाटेल. घडले ते वेगळेच. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व बायका घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर पुण्याजवळच्या केडगावात सुमारे २,००० जीव त्यांच्या आश्रयाला होते. विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, सगळे तिथे उभे राहिले. शेतावरच्या वस्तीला नाव दिले ‘मुक्ती’. ज्या मुलीने रानात पाला खाऊन दुष्काळ काढला होता, तिला उपाशी मुलगी दिसली की काय वाटत असेल ते सांगायला नको. पण आता या कामाच्या बदल्यात तिला देवाकडून काही मागायचे नव्हते. जे मिळायचे ते मिळून गेले होते. म्हणूनच बहुधा एवढा बोजा उचलूनही ती खचली नाही.

आयुष्याची शेवटली वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर संस्कृत शब्दांनी जड झाले आहे, खेड्यातल्या बाईला ते कळले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटलेल्या बाईने संस्कृत बाजूला ठेवले. इथे मला १६१६ मध्ये आपल्या रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडलेले फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ आठवते. सुमारे ११,००० ओव्यांचे. परदेशी जेजुइताने ख्रिस्ताला मराठी पुराणाचा पोशाख चढवला, आणि पुराणिकाच्या मुलीने तो पोशाख उतरवून ठेवला. दोघांनाही माणसाच्या घरच्या बोलीत ख्रिस्त हवा होता. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, तेव्हा ही गरज त्यांच्या ध्यानात राहिली नव्हती. मनोरमा २४ जुलै १९२१ ला वारली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. भाषांतराची छपाई १९२४ मध्ये पूर्ण झाली.

याच वाटेवर आणखी एक मराठी माणूस दिसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकारामाच्या मार्गाने ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. टिळकांनाही मिशन मिळाल्यावर बावीस वर्षांनी ख्रिस्ताच्या शोधात पुन्हा घराबाहेर पडावे लागले.

रमाबाईंना सुधारकांच्या रांगेत बसवताना आपण त्यांची श्रद्धा हळूच वगळतो, आणि बाटल्याचा राग धरणारे त्यांचे काम वगळतात. दोघांच्याही हिशेबात बाई अर्ध्याच येतात. मी स्वतः ख्रिस्ती नाही आणि त्यांचे उत्तर मी स्वीकारलेले नाही. पण तिरुपतीच्या रानात त्यांना पडलेला प्रश्न माझ्याही ओळखीचा आहे: एवढे सगळे केल्यावर देव आपला देणेकरी होतो का? आपल्या इतिहासात बाटलेल्यांची गणती खूप झाली. त्यांतल्या कोणी, रायतूरला किंवा केळशीला, रात्री एकट्याने हा प्रश्न स्वतःला विचारला असेल, त्याची नोंद घ्यायला आपण जागा ठेवली पाहिजे.